पाकिटावरचं नाव, पिशवीतली धिंगरी

(दृश्य : कोल्हापूरजवळची शेड. टांगलेल्या पिशव्या, कोपऱ्यात सोयाबीनचं भुसकट.)

ही करडी धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळिंबी. स्पॉनच्या, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याच्या, पाकिटावर लिहिलंय 'प्ल्युरोटस साजोर-काजू'. नव्या पुस्तकांत हीच धिंगरी 'प्ल्युरोटस पल्मोनॅरियस' म्हणून सापडते. नाव बदललं, असं सगळे म्हणतात. खरं तर पहिलं नाव हिचं नव्हतंच.

साजोर-काजू हे मलय शब्द, म्हणजे लाकडावरची भाजी. 1821 मध्ये बुरशीतज्ज्ञ फ्रीस यांनी या नावाची खरी जाती अगॅरिकस वंशात नोंदवली, 1838 मध्ये स्वतःच लेंटिनसमध्ये नेली. 1951 मध्ये दुसरे बुरशीतज्ज्ञ सिंगर यांनी ती प्ल्युरोटसमध्ये टाकली. वंश बदलला तरी जातीचं नाव सोबत जातं. नावापुढे मूळ लेखक कंसात, हलवणारा कंसाबाहेर. म्हणून '(फ्रीस) सिंगर'. कंस दिसला की समजा, बिऱ्हाड हललंय.

1974 च्या सुमारास भारतात एक रानटी धिंगरी लागवडीत आली. तिला हेच नाव चिकटलं आणि स्पॉनबरोबर सगळीकडे गेलं. 1975 मध्ये बुरशीतज्ज्ञ पेग्लर यांनी खरी साजोर-काजू परत लेंटिनसमध्ये नेली. तोवर पाकिटं छापून झाली होती.

(दृश्य : देठाचा जवळून शॉट.)

फरक शेडमध्येही कळतो. खऱ्या साजोर-काजूच्या देठाला कडं असतं आणि गर चामड्यासारखा चिवट. पिशवीतल्या या धिंगरीला कडं नाही, बोटांनी सहज फाटते. पक्कं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. तुलना करायच्या दोन अळिंब्यांच्या एकेका बीजाणूपासून वाढवलेली दोन बुरशीजाळी अगारच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) बशीत शेजारी ठेवायची. जुळली, तर धाग्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली 'क्लॅम्प' नावाच्या आकड्या दिसतात. लागवडीतली 'साजोर-काजू' पल्मोनॅरियसशी जुळली.

भुसकट नीट उकळलं नाही, तर याच पिशव्यांत काळी शाई गाळणारी तणअळिंबी उगवते. तिचं मात्र नाव खरोखर बदललं. पूर्वी ती कोप्रायनस. डीएनएनं दाखवलं, की त्या वंशाची आदर्श जाती, म्हणजे जिच्यावर वंशाचं नाव टिकून असतं ती, कोमॅटस ही बटण अळिंबीच्या कुळातली आहे. वंशाचं नाव आदर्श जातीबरोबरच जातं, हा नियम. त्यामुळे बाकीच्यांना घर सोडावं लागलं. 2001 मध्ये त्यांतल्या बऱ्याच कोप्रायनॉप्सिस वंशात गेल्या. हे नाव नवं नाही, बुरशीतज्ज्ञ कार्स्टेन यांचं 1881 चं, धूळ झटकून काढलेलं.

(दृश्य : वहीत नोंद करणारा हात.)

शेडवाल्यानं काय करावं? पाकिटावरच्या नावाखाली वाणाचा क्रमांक असेल, तर तो तारखेसह वहीत टिपावा. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. थंडीत फुटणारी धिंगरी, प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस, समजून 15 अंशांची वाट पाहू नका, ही 20 ते 28 अंशांतही छान फुटते. माहिती शोधताना दोन्ही नावं टाका, कारण जुने उत्पादनाचे आकडे साजोर-काजूखालीच आहेत. वर्णनात देठाला कडं आलं, तर तो लेख तुमच्या पिशवीचा नाही.