बिली मेरेडिथ : चार पौंडांचा करार

उजव्या कडेने पळणारा हा सडपातळ माणूस बघा. झुबकेदार मिशी, किंचित फेंगडे पाय आणि दातांत धरलेली टूथपिक. भर मॅचमध्येही ती सुटायची नाही. हा बिली मेरेडिथ, त्या काळातल्या ब्रिटिश फुटबॉलमधला सर्वात मोठा तारा.

जन्म १८७४चा, वेल्समधल्या चर्क गावचा. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. काम होतं कोळशाचे डबे ओढणारी तट्टं हाकायचं. १८९४मध्ये मँचेस्टर सिटीने बोलावलं, तेव्हा आईचा विरोध होता. त्यानेही लगेच खाण सोडली नाही. आठवडाभर कोळसा आणि शनिवारी फुटबॉल, असे सुरुवातीचे महिने गेले.

१९०४ची एफए कप फायनल, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या मोठ्या बाद स्पर्धेची. बोल्टनविरुद्ध एकच गोल झाला आणि तो मारला सिटीच्या कॅप्टनने, मेरेडिथने. सिटीचा हा पहिला मोठा चषक.

आणि या खेळाडूला पगार किती? १९०१पासून नियमच होता : आठवड्याला ४ पौंड, त्यावर एक पैसा नाही. स्टेडियम हजारोंच्या गर्दीने भरायचं, तिकिटांचा गल्ला क्लबकडे जायचा, पण ज्याला बघायला लोक यायचे त्याचे हात बांधलेले. शिवाय क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाताही येत नसे.

१९०५मध्ये ॲस्टन व्हिलाच्या कॅप्टनला १० पौंडांची लाच देऊ केल्याचा ठपका मेरेडिथवर आला. बंदी बसली. त्याने आधी आरोप नाकारला. पण सिटीने मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा त्याने तोंड उघडलं : मॅनेजरच्या सांगण्यावरून केलं, आणि हा क्लब नियम मोडून खेळाडूंना जादा पैसे देतो. चौकशीत सिटीचे सतरा खेळाडू अडकले. लाच समर्थनीय नव्हतीच. पण ४ पौंडांच्या त्या नियमाने टेबलाखालच्या व्यवहारांना जागा करून दिली होती, हेही तितकंच खरं.

मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. १९०७च्या एप्रिलमध्ये युनायटेडचा थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या मॅचमध्ये चेंडूला हेडर मारून कोसळला आणि गेला. मृत्यू नैसर्गिक ठरला, घरच्यांना भरपाई मिळाली नाही. त्याच डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडू जमले, युनियन उभी राहिली. बैठकीचा अध्यक्ष होता मेरेडिथ. मजुराने एकट्याने मालकाशी भांडायचं नसतं, हे खाणीतल्या माणसाला वेगळं शिकवायला लागत नाही.

१९०९मध्ये इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने बजावलं : युनियन सोडा, नाहीतर खेळणं बंद. बहुतेकांनी माघार घेतली. युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत. नुकताच एफए कप जिंकलेला हा संघ निलंबित झाला, तरी सराव चालूच राहिला. त्यांचा त्या वेळचा एक फोटो आहे. पुढच्या पाटीवर त्यांनी स्वतःच लिहिलंय : ‘आउटकास्ट्स एफसी’, म्हणजे बहिष्कृतांचा संघ. नवा सीझन तोंडावर आला आणि असोसिएशनला तडजोड करावी लागली. युनियनला मान्यता मिळाली, ४ पौंडांची मर्यादा मात्र राहिली.

मेरेडिथ खेळतच राहिला. युनायटेडसोबत १९०८ आणि १९११ची लीग विजेतेपदं. १९२०मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या हायबरी मैदानावर वेल्सने इंग्लंडला २-१ हरवलं. त्याची ही ४८वी आणि शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच. पुन्हा सिटीत येऊन १९२४मध्ये तो एफए कपची सेमीफायनल खेळला, तेव्हा पन्नाशीला काही महिनेच उरले होते.

१९५८मध्ये मँचेस्टरमध्ये त्याचं निधन झालं. तीन वर्षांनी, १९६१मध्ये, खेळाडूंच्या युनियनने संपाचा इशारा दिला आणि पगाराची मर्यादा रद्द झाली.