महाराष्ट्रातला गणेश आणि फुकटचे इंटरनेट

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर २०१५च्या अखेरीस फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख ‘टाइम्स ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला, आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. हा गणेश फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या मोफत सेवेवर पावसाचा अंदाज बघतो, शेतमालाचे भाव बघतो आणि आता नवी पिके व जनावरे यांत पैसा घालू लागला आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून या सेवेच्या पानभर जाहिराती येत होत्या. फुकटची वस्तू खपवायला कोणी एवढा पैसा ओतू लागले की आपल्याकडच्या माणसाला आधी शंका येते, आणि या बाबतीत ती रास्त होती.

ही सेवा फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात आली. सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र होता. तीन-साडेतीन डझन संकेतस्थळे विनामूल्य उघडत आणि त्यांत फेसबुक स्वतः होतेच. त्यापलीकडे जायचे तर डेटाचे पैसे मोजायचे. आपले संकेतस्थळ या यादीत यावे असे ज्याला वाटे, त्याला फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत. चित्रफिती नकोत, मोठी छायाचित्रे नकोत, इंटरनेटवरून बोलण्याची सोय नको, आणि वाचकाची सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमार्गे व्हायची. बाजार समितीच्या आवारात प्रवेश फुकट, पण कोणाला गाळा द्यायचा हे त्याच आवारातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याने ठरवायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंदही त्याच्याच वहीत व्हायची, असा हा मामला होता.

झुकरबर्ग यांच्या म्हणण्यात तथ्यच नव्हते, असे मात्र नाही. त्या काळी एक जीबी डेटासाठी साधारण दोनशे-अडीचशे रुपये पडत आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. अजिबात काही नसण्यापेक्षा थोडे तरी बरे, हा युक्तिवाद शहरात बसून झटकून टाकणे सोपे आहे. तरीही त्या ‘थोड्या’त काय असावे हे ठरवण्याचा अधिकार त्या धंद्यात स्वतः उतरलेल्या कंपनीकडे का असावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर फेसबुकने कधीच दिले नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ९ डिसेंबर २०१५ रोजी एक सल्लामसलत पत्रक काढून नेमके हेच विचारले: मजकूर कोणता आहे यावरून डेटाचे दर वेगवेगळे ठेवू द्यावेत का? त्यावर फेसबुकने आपल्या सदस्यांसमोर एक तयार पत्र ठेवले, आणि एक बटण दाबले की ते त्यांच्या नावाने ट्रायकडे रवाना होई. सुमारे २४ लाख अभिप्राय आले. त्यांतले जवळजवळ १९ लाख फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याचे होते. गंमत अशी की पत्रकात चार प्रश्न होते आणि या तयार पत्रांत त्यांची उत्तरे नव्हती. सल्लामसलतीचे रूपांतर ठरवून घडवलेल्या मतदानात केले जात आहे, अशा आशयाची कडक समज ट्रायने फेसबुकला पत्राने दिली. माझ्या माहितीप्रमाणे एखाद्या नियामकाने बड्या कंपनीला इतक्या स्पष्ट शब्दांत सुनावण्याचे प्रसंग आपल्याकडे फारसे घडत नाहीत.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने विनियम जारी केला: मजकूर पाहून डेटाचे दर लावता येणार नाहीत आणि नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड होईल. अपवाद ठेवला तो आणीबाणीच्या सेवांचा. काही दिवसांतच फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. त्यानंतर सात महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ बाजारात उतरली, तिने सुरुवातीचे काही महिने सगळेच इंटरनेट फुकट दिले आणि डेटाचे भाव कोसळले. थोडक्यात, गरिबाला इंटरनेट मिळायचे तर ते कापूनछाटूनच द्यावे लागेल, हे गृहीतक वर्षभरही टिकले नाही.

इथवरची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के भागभांडवल घेतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण या भागांत फेसबुकच्याच मालकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जिओमार्ट या रिलायन्सच्या ऑनलाइन दुकानाकडे किराणा मागवण्याची चाचणी सुरू झाली. यात ट्रायच्या विनियमाचा कोठेही भंग नव्हता, कारण तो विनियम डेटाच्या दराविषयी आहे आणि दर तर सगळ्यांना सारखाच होता. डेटा स्वस्त झाला तरी लोकांचा वावर त्याच दोन-चार अ‍ॅपमध्ये राहिला: सोसायटीचा गट तिथे, शाळेची सूचना तिथे, दूधवाल्याचा हिशेबही तिथेच. ज्या यादीला आपण २०१६ मध्ये नकार दिला, ती पुढे आपणच सवयीने तयार केली, असे मला वाटते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या नव्या अटी मान्य करा, असे सदस्यांना बजावले, तेव्हा ही सवय किती पक्की झाली आहे ते दिसले. अनेकांनी दुसरे अ‍ॅप उतरवून घेतले खरे, पण नातेवाईक आणि गिऱ्हाइके जुन्याच ठिकाणी असल्यामुळे बहुतेकांना तिथेच राहावे लागले. या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वाश्रमीच्या फेसबुकला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि मेटाने त्याविरुद्ध अपील केले. अटी न स्वीकारणाऱ्याला जाण्यासारखी दुसरी जागा उरली होती का, हा या वादातला कळीचा मुद्दा आहे.