बारीक माणूस, जाड माणूस आणि लहान आतड्यातले जंतू

नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. पोटातल्या जंतूंबद्दल हल्ली मोबाईलवर इतकं काही फिरत असतं की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळ्या लठ्ठपणाचं मूळ तिथेच आहे आणि गोळ्यांचा एक कोर्स केला की वजन उतरलंच. पण मी ज्या पेशंटसाठी आज तळमळीने बोलायला आलोय तो बऱ्याचदा जाड नसतोच, तो वाळत चाललेला असतो, सत्तरीतला, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, आणि घरचे म्हणतात वय झालं आता, चालायचंच.

आधी जागा समजून घ्या. मोठ्या आतड्यात एका मिलिलिटरमध्ये शंभर अब्जाच्या आसपास जंतू असतात आणि ते तिथे असायलाच हवेत. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र तेवढ्याच द्रवात हजारभर, किंवा त्याहून कमी. कारण वरून जठरातलं ॲसिड जंतूंना मारतं, पित्त त्यांना वाढू देत नाही आणि पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट येते, ती उरलंसुरलं सगळं पुढे ढकलते. जुन्या डायबेटिसने नसा बिघडल्या, ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटली, स्क्लेरोडर्मासारखा (कातडी आणि आतडी कडक करणारा) आजार झाला, की ही झाडलोट थांबते आणि जंतू नको तिथे वस्ती करतात. यालाच डॉक्टर मंडळी सिबो म्हणतात.

आता वजन का जातं ते बघा. जेवणातली चरबी पचायला पित्तातले क्षार लागतात, हे जंतू त्या क्षारांची मोडतोड करतात, मग चरबी शोषली न जाता तशीच शौचावाटे जाते, शौच तेलकट होते, कमोडला चिकटते, नाहीतर तरंगते, आणि लोक हे लाजेपायी डॉक्टरला सांगतच नाहीत. चरबीबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनंही गेली. बी-ट्वेल्व जंतू स्वतःच खातात आणि फोलेट, म्हणजे दुसरं एक बी व्हिटॅमिन, उलट तयार करतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व कमी आणि फोलेट जास्त असं दिसलं तर मनात शंका यायला हवी. आपल्याकडे शाकाहारामुळेच बी-ट्वेल्व कमी असलेली खूप माणसं आहेत, तेव्हा नुसत्या त्या एका आकड्यावरून सिबो ठरवू नका. पण मांड्या आणि दंड उतरलेत, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतोय, म्हणजे स्नायू चाललेत, तिथे वयावर ढकलून गप्प बसणं मला मान्य नाही.

याचा एक वाईट धडा अमेरिकेत मिळालाय. १९६० आणि ७० च्या दशकात तिथे लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा मोठा भाग बायपास करायचे. वजन भराभर उतरायचं, पण बाजूला पडलेल्या त्या आतड्यात जंतू माजायचे, काहींचे सांधे धरायचे आणि काहींचं लिव्हर इतकं खराब व्हायचं की माणूस दगावायचा. मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध दिल्यावर लिव्हरमधली चरबी कमी झालेली दिसली, तेव्हा जंतूंचा हात लक्षात आला. ते ऑपरेशन शेवटी बंद पडलं. वजन उतरतंय म्हणजे तब्येत सुधारतेय असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग जंतूंमुळे वजन वाढतं, हे कुठून आलं? लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ७९२ लोकांच्या श्वासाच्या तपासण्या बघितल्या; आतड्यातल्या जंतूंनी बनवलेला वायू रक्तातून श्वासात येतो, तोच यात मोजतात. ज्यांच्या श्वासात हायड्रोजन आणि मिथेन दोन्ही वाढलेले होते त्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २६.५ निघाला, बाकीच्यांचा २४ च्या आसपास, आणि अंगातली चरबीही त्यांच्यातच जास्त. नुसता हायड्रोजन किंवा नुसता मिथेन असलेल्यांत हा फरक दिसला नाही.

मिथेन बनवणारा मुख्य जीव म्हणजे मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी, तो खरं तर बॅक्टेरिया नाहीच, आर्किया नावाच्या वेगळ्या घराण्यातला आहे. इतर जंतू अन्न आंबवून हायड्रोजन सोडतात, तो साचला की त्यांचं काम मंदावतं, हा पठ्ठ्या तोच हायड्रोजन खाऊन टाकतो, चार रेणू हायड्रोजनचे घेऊन एक मिथेनचा बनवतो, म्हणून बाकीच्यांचं आंबवणं जोरात चालतं. वर मिथेन आतड्याची चाल मंद करतो, बद्धकोष्ठ होतं, अन्न जास्त वेळ राहतं, जास्त कॅलरी शोषल्या जातात. ऐकायला एकदम पटतं. पण फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांना २००९ मध्ये हाच जीव ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे अगदी हाडं दिसणाऱ्या पेशंटमध्ये जास्त सापडला होता. त्यामुळे जंतूंनी माणूस जाड केला, की खाणं, बद्धकोष्ठ आणि वजन यांनी जंतू बदलले, हे सीडर्स-सायनायच्या अभ्यासावरून सांगता येत नाही, आणि जो ठामपणे सांगतोय त्याच्यापासून जरा जपून.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो ढाक्याच्या मीरपूर वस्तीतला अभ्यास, २०१६ साली छापलेला. दोन वर्षांची ९० मुलं, त्यातल्या १६.७ टक्के मुलांना सिबो. ज्यांची उंची जन्मापासून मागे पडत गेली त्यांच्यात तो जास्त, घराबाहेर उघडं गटार असलेल्यांत जास्त, आणि जुलाब किती वेळा झाले याच्याशी मात्र संबंध लागला नाही. म्हणजे पोट न बिघडताही आतडं आतून बिघडलेलं असू शकतं. अशा पोरांना नुसता जास्तीचा खाऊ देऊन काय होणार, गटार झाकायला नको का? हा प्रश्न दवाखान्याचा कमी आणि वॉर्ड ऑफिसचा जास्त आहे.

एक गोष्ट आपल्या पुण्याची. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. यात जंतूंचा काही संबंध दाखवलेला नाही, मी सांगतोय ते काट्याच्या मर्यादेबद्दल. सिबोचा अभ्यास बीएमआयवर झाला असेल तर आपल्या लोकांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. जमलं तर डेक्सा स्कॅन करा, त्यात चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजले जातात. जिममधल्या मशीनचा आकडा शरीरातल्या पाण्याप्रमाणे वरखाली होतो, तेव्हा त्याच्यावर फार जाऊ नका.

सिबोची श्वासाची तपासणी सोपी आहे पण नीट करायला लागते. आदल्या दिवशी डाळ, दूध, फळं, सॅलड बंद, साधा भात चालतो, मग रात्रभर उपाशी, सकाळी सिगरेट नाही. ग्लुकोज किंवा लॅक्टुलोजचं (आपल्याला न पचणाऱ्या साखरेचं) पाणी पाजतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी नळीत फुंकायला लावतात, दोन-तीन तास. हायड्रोजन ९० मिनिटांच्या आत २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) वाढला, किंवा मिथेन केव्हाही १० पीपीएमच्या वर गेला तर पॉझिटिव्ह धरतात. लॅक्टुलोज लवकर मोठ्या आतड्यात पोचला तर खोटा पॉझिटिव्हही येतो, म्हणून रिपोर्ट पेशंटच्या त्रासाशी ताडूनच वाचायचा असतो. आणि वजन कमी करायचंय म्हणून केमिस्टकडून रिफॅक्झिमिन हे अँटिबायोटिक आणून परस्पर घेऊ नका. ते सिबोवर खरंच चालतं, पण ज्या कारणाने जंतू साठले ते कारण तसंच राहिलं तर काही महिन्यांत पोट पुन्हा फुगायला लागतं.