बर्फावर जे दिसू द्यायचे नसते
(नागपुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रसिकहो, नागपुरातल्या मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात असताना, मी फिगर स्केटिंग या बर्फावरच्या खेळाविषयी बोलायला उभा आहे, आणि टेबलावर ठेवलेल्या या बुटापासून मला सुरुवात करायची आहे. माझ्या भाचीने तो कॅनडातून पाठवला; तिच्या मुलीच्या पायाला तो लहान झाला होता. व्याख्यान संपल्यावर आपण तो अवश्य हातात घेऊन पाहावा. पाते जेमतेम ४ मिलिमीटर जाड आहे. त्याच्या तळावरून हलकेच बोट फिरवले तर मधोमध एक उथळ पन्हळ लागते, आणि त्या पन्हळीमुळे एकाच पात्याला दोन धारा होतात, एक आतली आणि एक बाहेरची. पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते आहेत. काही उड्या घेताना ते बर्फात रोवावे लागतात. कसलेली स्केटर या पात्यावर सरळ उभी अशी फारशी राहतच नाही, ती सतत या नाहीतर त्या धारेवर कललेली असते. आता बुटाच्या आत पाहा. टाचेपाशी अस्तर काळपट पडले आहे. तो रक्ताचा डाग आहे, असे भाचीने मला सांगितले, आणि त्याच मुलीचा स्पर्धेतला हसरा फोटोही पाठवला.

हा डाग आणि तो फोटो यांच्यामधल्या अंतराविषयी मला आज बोलायचे आहे. कुस्तीत पैलवानाचा घाम दिसतो, कबड्डीत खेळाडूचा दम लागलेला ऐकू येतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. फिगर स्केटिंगमध्ये मात्र कष्ट दिसले की सादरीकरणाचे गुण जातात. तीन गिरक्यांची उडी मारून, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर झेलून, स्केटरने असे उतरायचे असते की जणू वाऱ्याची झुळूक आली आणि गेली. दुखणे, भीती, घरातले मरण, जोडीदाराशी झालेले भांडण, सारे काही त्या चार मिनिटांत झाकून ठेवावे लागते. मी पटकथालेखनाचे वर्ग घेतो, आणि खेळाडूच्या आयुष्यावर लिहायचे तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मुले मला नेहमी विचारतात. स्केटरच्या बाबतीत माझे उत्तर ठरलेले आहे: तिने बर्फावर काय झाकले ते शोधा, तुमचा चित्रपट तिथे आहे. पदके मोजत बसू नका. सोन्या हेनी ही नॉर्वेची मुलगी १९२४ साली वयाच्या अकराव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये उतरली आणि शेवटची आली. पुढे तिने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके आणि ओळीने दहा जागतिक विजेतेपदे मिळवली, हॉलिवूडची तारका झाली. यादी झगझगीत आहे. पण हिटलरपुढे नाझी पद्धतीने हात उंचावणारी सोन्या जो पटकथाकार टाळेल, त्याच्या हाती फक्त झगमगाट उरेल.

माझ्या मनातला पहिला चित्रपट एका हरलेल्या माणसाचा आहे. चीनच्या ईशान्येला हार्बिन नावाचे शहर आहे, जिथला हिवाळा हाडे गोठवणारा असतो. तिथला याओ बिन आणि त्याची जोडीदार लुआन बो १९८० साली जर्मनीतल्या डॉर्टमुंड येथे जागतिक स्पर्धेत उतरले. चीनची जोडी त्या स्पर्धेत उतरण्याची ती पहिलीच वेळ. जोडीने स्केटिंग कसे करतात हे त्यांना दाखवणारे मायदेशी कोणी नव्हते. परदेशी जोड्यांची छायाचित्रे पाहून ते शिकले होते. आपण क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्यावा. छायाचित्रात मुलगी जोडीदाराच्या डोक्यावर तोललेली दिसते, पण ती तिथे पोहोचली कशी आणि उतरणार कशी, हे छायाचित्र सांगत नाही. उचलण्याआधीचा श्वास, मनगटाची पकड, खाली येतानाचा गुडघ्याचा लवचिकपणा, हे सगळे दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत असते, आणि ती जागा या दोघांना स्वतःच्या अंगावर आपटून भरावी लागली. डॉर्टमुंडला प्रेक्षक त्यांना हसले. ते शेवटच्या क्रमांकावर राहिले.

याओ बिन परतला आणि पुढे प्रशिक्षक झाला. त्याने हार्बिनचीच दोन मुले निवडली, शेन श्वे आणि झाओ होंगबो. १९९२ पासून ती एकत्र आली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पाचवी, २००२ मध्ये कांस्यपदक, आणि त्याच वर्षी चीनला जोडीतले पहिले जागतिक विजेतेपद. २००३ साली वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत शेनचा पाय दुखावलेला होता; वेदनाशामक इंजेक्शने घेऊन ती उतरली आणि परीक्षकांनी त्या जोडीला त्या काळचे सर्वोच्च म्हणजे ६.० गुण दिले. २००५ मध्ये झाओच्या टाचेमागची शीर तुटली, तरी काही महिन्यांनी, २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकमध्ये पुन्हा कांस्य. त्याच ट्यूरिनमध्ये याओ बिनच्या दुसऱ्या जोडीतली झांग दान हवेत चार गिरक्या घेण्याच्या प्रयत्नात इतकी वाईट पडली की खेळ थांबवावा लागला. काही वेळाने ती परत आली आणि ती जोडी रौप्यपदक घेऊन गेली. शेन आणि झाओ यांचे २००७ साली लग्न झाले, त्यांनी खेळ सोडला, आणि एका ऑलिंपिकसाठी परत आले. २०१० मध्ये व्हँकुव्हरला, ती ३१ आणि तो ३६ वर्षांचा असताना, त्यांनी सुवर्णपदक जिंकले. १९६४ पासून ओळीने बारा ऑलिंपिकमध्ये हे सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन जोड्यांकडे गेले होते. ती साखळी तिथे तुटली. रौप्यपदक पांग चिंग आणि तोंग जियान यांना मिळाले, आणि तीही याओ बिनचीच जोडी.

हा चित्रपट मला विजयमंचावर संपलेला आवडणार नाही. स्केटर बर्फावर असताना प्रशिक्षक कठड्याबाहेर उभा असतो, आणि त्याला आत पाऊल टाकता येत नाही. त्याच्या ओळखीच्या खेळाच्या त्या चार मिनिटांत त्याला काहीही करता येत नाही. डॉर्टमुंडचे हसणे ज्याने तीस वर्षे कोणाला न सांगता सोबत वागवले असेल, त्याचा चेहरा कठड्यामागे पाहत राहणे एवढे एकच काम कॅमेऱ्याने केले तरी पुरे. कोणत्याही गावच्या तालमीत, ज्याला स्वतःला मोठी कुस्ती मारता आली नाही आणि जो पहाटे चारला पोरांना उठवतो, तो वस्ताद आपण पाहिलेला असतो, म्हणून हा माणूस मला परका वाटत नाही.

दुसरी कथा येलेना बेरेझ्नाया या रशियन स्केटरची. १९९६ च्या जानेवारीत लाटव्हियाच्या रिगा शहरात ती आणि तिचा तेव्हाचा जोडीदार शेजारीशेजारी गिरकी घेण्याचा सराव करत होते. या गिरकीत एक पाय मागे, कमरेच्या उंचीवर, जमिनीला समांतर ताणलेला असतो. दोघे एकमेकांच्या नको तितके जवळ आले आणि त्याच्या बुटाचे पाते तिच्या डोक्यात घुसले. या बुटाचे पाते मी आपल्याला मघाशी दाखवले ते एवढ्यासाठीच. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तिची वाचा गेली, बोलणे आणि चालणे पुन्हा शिकावे लागले. अंतोन सिखारुलिद्झे हा तिचा सहकारी रिगाला गेला आणि तिला सेंट पीटर्सबर्गला घेऊन आला; पुढे तामारा मोस्कविना या प्रशिक्षिकेच्या हाताखाली ते दोघे जोडीने खेळू लागले. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी ऑलिंपिक रौप्यपदक मिळवले, आणि २००२ मध्ये सुवर्ण.

त्या २००२ च्या सुवर्णाभोवती परीक्षकांवरच्या दबावाचा मोठा वाद झाला, कॅनडाच्या जोडीलाही दुसरे सुवर्णपदक देण्यात आले आणि पुढे गुण देण्याची जुनी पद्धतच मोडीत निघाली. कोणत्याही निर्मात्याला हा वाद आधी दिसेल, कारण तो वर्तमानपत्रांतून गाजला. माझे मत असे की तो शेवटच्या दहा मिनिटांत उरकावा. ज्या मुलीच्या डोक्यात पाते शिरले, ती पुन्हा कोणाच्या तरी पात्याशेजारी उभी राहून गिरकी घ्यायला तयार होते, तो पहिला सराव पटकथेत सविस्तर यायला हवा. त्या सकाळी दोघांमध्ये किती हात अंतर ठेवले असेल? आणि ते अंतर कमी करा, असे प्रशिक्षिकेने कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत सांगितले असेल?

आपल्याच शहरातल्या झोपडपट्टीतील फुटबॉलवर काही वर्षांपूर्वी मोठा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना त्यातल्या सामन्यांपेक्षा मैदान आणि वस्ती यांच्यामधली भिंत लक्षात राहिली. मेबल फेअरबँक्सच्या आयुष्यात तशीच भिंत आहे. ही कृष्णवर्णीय मुलगी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्केटिंग शिकू पाहत होती, आणि रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, दारावरून तिला तिच्या रंगामुळे परत पाठवले जाई. तिच्या मामाने तिला खोलीतच बर्फाचा एक छोटासा चौकोन करून दिला. पुढे तिला कार्यक्रमांतून कला दाखवता आली, पण स्पर्धेचे दार उघडले नाही. ती लॉस एंजेलिसला शिकवू लागली. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरचे विजेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय स्केटर ॲटॉय विल्सन तिचा शिष्य. ताई बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर या लहान मुलांचे हात एकमेकांच्या हातात तिनेच दिले, आणि ती जोडी १९७९ साली जगज्जेती झाली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फिगर स्केटिंगच्या सन्मानदालनात तिचे नाव लागले, तेव्हा ती ऐंशी वर्षांच्या पुढे गेली होती.

१९५६ सालचा ऑक्टोबर ज्या शहराने पाहिला, त्या शहरात पाणवठ्याचे, देवळाचे किंवा रिंकचे दार बंद असणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही. या चित्रपटासाठी मला एकच दृश्य सुचवायचे आहे. खोलीतला तो चौकोन इतका लहान की त्यावर धावता येत नाही, मोठी उडी मारता येत नाही. फार तर जागच्या जागी गिरकी घेता येईल. लेखकाने तिला तिथे गिरकी घेऊ द्यावी, आणि कॅमेरा खोलीबाहेर अजिबात नेऊ नये.

इंग्लंडच्या मॅज सायर्स या स्केटरची गोष्ट छोटी आहे, पण तिच्यात विलक्षण वेग आहे. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत तिने नाव दिले. स्त्रियांनी येऊ नये असे नियमांत कुठेच लिहिलेले नव्हते, कारण स्त्री येईल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. ती पुरुषांबरोबर खेळली आणि उलरिक साल्कोव्हनंतर दुसरी आली. त्यानंतर स्त्रियांना बंदी घालण्यात आली, आणि लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत हे त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक होते. तिने घोट्याच्या वर येणारा आखूड झगा घातला. १९०६ पासून स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती मॅजने जिंकली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही. १९१७ साली, अवघ्या ३५ व्या वर्षी ती गेली. नऊवारीत कासोटा घालून शेतात दिवसभर राबलेल्या आजीची नात मी आहे, असे सांगणारी कोणी लेखिका या सभागृहात असेल, तर पायांना अडवणाऱ्या कापडाची ही कथा तिने लिहावी.

एका कथेविषयी मात्र मला सावधपणे बोलायचे आहे. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ घेऊन जाणारे विमान ब्रसेल्सजवळ कोसळले. विमानातले सगळे ७२ जण गेले आणि जमिनीवरचा एक माणूसही. त्यांत लॉरेन्स ओवेन ही सोळा वर्षांची राष्ट्रीय विजेती होती, तिची थोरली बहीण होती, आणि एकेकाळी स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली त्यांची आई व प्रशिक्षिका मेरिबेल होती. त्याच आठवड्यात एका प्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर लॉरेन्सचा फोटो झळकला होता. प्रागची स्पर्धा रद्द झाली. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातात पुन्हा लहान स्केटर, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक गेले, तेव्हा या साऱ्या नावांवरची खपली निघाली. माझी विनंती एवढीच की हा चित्रपट कोणी करेल, त्याने विमान पडताना दाखवू नये. दुकानांच्या फळ्यांवर ते साप्ताहिक अजून विक्रीला आहे, आणि एक बाई ते उचलून परत जागेवर ठेवते, यापलीकडे जाऊ नये.

आता शेवटची जोडी. मॉस्कोत लहानपणी प्रशिक्षकांनी एकत्र आणलेली येकातेरिना गोर्देयेवा आणि सर्गेई ग्रिंकोव्ह. १९८८ चे सुवर्णपदक त्यांचे, १९९१ साली लग्न, १९९२ मध्ये मुलगी, १९९४ चे सुवर्णपदकही त्यांचे. २० नोव्हेंबर १९९५ रोजी लेक प्लॅसिडला सराव चालू असताना सर्गेई बर्फावरच कोसळला. हृदयविकाराचा झटका होता. तो २८ वर्षांचा होता. पुढच्या फेब्रुवारीत हार्टफर्ड शहरात सहकाऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला, आणि तिथे ती मालरच्या पाचव्या सिंफनीतील संथ भागावर एकटी खेळली.

काही वर्षांपूर्वी मी हिवाळ्यात शिमल्याला गेलो होतो. तिथे उघड्यावर, रात्रीच्या थंडीत गोठवलेल्या पाण्याचा रिंक आहे, आणि सकाळी ऊन चढण्याआधी मुले त्यावर खेळतात. दूरचित्रवाणीवर संगीतामुळे जे ऐकू येत नाही ते मी तिथे ऐकले: पात्याच्या धारेचा आवाज, लाकडावर रंधा फिरवावा तसा, वळणावर जाड होणारा आणि सरळ रेषेत बारीक होत जाणारा. दोन मुली हात धरून एका लयीत जात होत्या, तेव्हा चार पात्यांचा मिळून तो आवाज एकच येत होता. त्यांची लय चुकली की तो लगेच फाटत होता. गोर्देयेवाने बालपणापासून सर्गेईची पाती आपल्या पात्यांबरोबर ऐकली होती. म्हणून या पटकथेच्या पहिल्या पानावर संवाद, तारीख, गाव यांतले काही लिहू नये. काळ्या पडद्यावर आधी दोघांच्या पात्यांचा तो एकजीव आवाज ऐकू यावा, आणि मग, चित्र उजळण्याच्या आत, त्यातला निम्मा कमी व्हावा.