म्यानमार: रात्री आठनंतर

(दृश्य: काळोखातली एक इमारत. एकेका गॅलरीत दिवा लागतो.)

यांगून. २ फेब्रुवारी २०२१. रात्रीचे आठ.

आधी कुठल्या तरी गॅलरीत एक पातेलं वाजतं. मग समोरून कुणी परातीवर झारा हाणतं. बघता बघता अख्खी गल्ली दणाणते, मग पलीकडची, मग शहरच.

बर्मी घरांत भांडी बडवण्याची रीत जुनी आहे. घरात काही अभद्र शिरलं की त्याला आवाजानं हुसकून लावायचं. इडापिडा टळो म्हणतो ना आपण, तसंच. त्या रात्री पिडा कोणती, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आपणही त्याआधीच्या मार्चमध्ये, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. आवाज ऐकला तर फरक कळणार नाही. पण यांगूनमध्ये पुढच्या काही आठवड्यांत भांडी वाजवणाऱ्या वस्त्यांवर पोलीस चालून जायला लागले.

(दृश्य: नेपिडो. रुंद, रिकामा रस्ता.)

आदल्या दिवशी, सोमवारी, राजधानी नेपिडोत नवी संसद भरायची होती. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षानं ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. लष्कराच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या पक्षाला मिळाल्या ३३. मतदार याद्यांत घोळ आहे, असं लष्कर म्हणालं. निवडणूक आयोगानं ते मानलं नाही. पहाटे लष्करानं सू चींसकट नेत्यांची धरपकड केली, सत्ता हातात घेतली आणि शपथविधी राहिला तो राहिलाच.

त्या सकाळी एक व्यायामशिक्षिका संसदेकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोजच्यासारखी मोबाइल लावून आपला एरोबिक्सचा व्हिडिओ करत होती. तिच्या पाठीमागून काळ्या गाड्यांचा ताफा अडथळ्यांपाशी येतो. ती संगीताच्या तालावर हात हलवत राहते. मागे काय चाललंय, तिला पत्ताच नाही.

सरसेनापती मिन आंग हलाइंग त्या वर्षी जुलैत पासष्टीचे होऊन निवृत्त व्हायचे होते. आपल्याकडे निवृत्तीला आलेला साहेब मुदतवाढीसाठी मंत्रालयात खेटे घालतो. या साहेबांनी मंत्रालयच ताब्यात घेतलं.

खरं तर त्यांना ते घ्यायची तशी गरजही नव्हती. २००८ ची राज्यघटना लष्करानंच लिहून घेतलेली. संसदेतल्या पाव जागा गणवेशवाल्यांसाठी राखीव. घटना बदलायची तर ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. हिशेब तुम्हीच करा. गृह, संरक्षण आणि सीमाभाग ही खातीही सरसेनापतींच्या हातात. लोकांनी पाच वर्षं जिला लोकशाही म्हणून निभावून नेलं, ती अशी भाड्याच्या खोलीसारखी होती. मालक कधीही येऊन कुलूप लावणार, हे भाडेकरूला मनातून ठाऊक होतं.

(दृश्य: १९८८ ची कृष्णधवल छायाचित्रं.)

आणि हे कुलूप पहिलं नव्हतं. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, ती पाव शतक सोडली नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांनी २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलून मिळणं नाही, भरपाई नाही. नव्या नोटा आल्या त्या ४५ आणि ९० च्या. कारण नवाच्या पटीतला आकडा साहेबांना लाभतो, असं सगळा देश म्हणत होता. विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे रातोरात कागद झाले.

पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला, म्हणजे ८-८-८८ ला, देश रस्त्यावर उतरला. तेव्हाची घोषणा दोन शब्दांची. दो अये! हे आमचं काम आहे, आमचा हक्काचा प्रश्न आहे, असा तिचा अर्थ. लष्करानं गोळ्या चालवल्या, माणसं हजारोंनी गेली आणि १८ सप्टेंबरला नव्या नावानं जुनंच राज्य आलं. १९९० मध्ये निवडणूक घेतली. सू ची नजरकैदेत असताना त्यांच्या पक्षानं पाचांतल्या चार जागा जिंकल्या. लष्करानं निकाल बाजूला ठेवला आणि पुढे चालू पडलं.

२०२१ मध्ये रस्त्यावर आलेली मुलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. त्यांची आई, मामा, शेजारचे काका मात्र ८८ चे. मोर्चात दोन पिढ्या एकत्र चालत होत्या. एकीच्या हातात मोबाइल, दुसरीला गोळीबार सुरू झाला की कुठल्या बोळात शिरायचं हे माहीत.

(दृश्य: दवाखान्याचा व्हरांडा. पांढऱ्या कोटावर लाल फीत.)

पहिला संप डॉक्टरांचा. मंडालेपासून ठिणगी पडली आणि सरकारी रुग्णालयं ओस पडायला लागली. लाल फीत लावायची आणि कामावर जायचं नाही. मग रेल्वे, बँका, शाळा. ‘सिव्हिल डिसओबिडिअन्स मूव्हमेंट’च्या आद्याक्षरांवरून या असहकाराला सगळे सीडीएम म्हणू लागले. आंदोलनाचं नाव पुढे माणसांनाच चिकटलं. अमुक मास्तर सीडीएम आहेत, तमुक नाहीत. सीडीएम असणं म्हणजे पगार बंद, क्वार्टर खाली, वर वॉरंट. मे महिन्यात तिथल्या शिक्षक संघटनेनं सांगितलं, सव्वा लाखाच्या वर शिक्षक निलंबित झालेत.

या माणसांच्या चुली पेटत्या ठेवायच्या कशा? कुणी तांदूळ पोचवले, कुणी परदेशातून पैसे पाठवले. सरकारी लॉटरी लोकांनी घ्यायची सोडली, तेव्हा लष्कराला न मानणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या भूमिगत सरकारनं स्वतःची लॉटरी काढली आणि त्यातला मोठा वाटा संपावरच्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवला. लष्कराच्या कंपनीची बिअर हॉटेलांतून गेली, लष्कराचं सिमकार्ड मोबाइलमधून गेलं.

(दृश्य: गल्लीवर आडव्या ताणलेल्या दोरीवर रंगीत लुंग्या.)

आणि मग ही दोरी. बायका कमरेला गुंडाळतात ती लुंगी, तिला थमेईन म्हणतात. पुरुषानं तिच्याखालून गेलं तर त्याचं तेज उतरतं, ही तिथली जुनी समजूत. मार्च २०२१ मध्ये बायकांनी आपल्या थमेईन धुतल्या आणि वाळत घातल्या त्या थेट रस्त्याच्या डोक्यावर, या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत. बंदूकधारी शिपाई दोरीपाशी येऊन थांबायचे. एकानं ट्रकच्या टपावर चढून एकेक लुंगी ओढून काढायची, मग पुढे जायचं. तेवढ्या वेळात पोरं मागच्या बोळातून पसार. जी समजूत बायकांना आयुष्यभर खालचं ठरवत आली, तीच त्यांनी शिपायांच्या अंगावर सोडली. या आंदोलनातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच दृश्य.

गोळ्यांना मात्र समजुती नसतात. ९ फेब्रुवारीला नेपिडोत एका तरुणीच्या डोक्यात गोळी लागली. दहा दिवसांनी ती गेली, जेमतेम वीस वर्षांची होती. २७ मार्चला, सैन्य दिनाच्या संचलनादिवशी, देशभरात शंभराहून जास्त माणसं मारली गेली. तोवर बहुतेकांना कळून चुकलं होतं की निषेधाची खूण म्हणून तीन बोटं उंचावून हे राज्य जाणार नाही.

(दृश्य: मंडाले. राजवाड्याचा खंदक, लाल भिंत.)

मंडाले म्हटलं की आपल्याला गीतारहस्य आठवतं. टिळकांना सहा वर्षं ठेवलं तो तुरुंग याच भिंतींच्या आत होता. आणि ज्याचा हा राजवाडा, त्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये उचललं आणि पुढे नेऊन ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, दोघेही एकाच वेळी. इंग्रजांच्या हिशेबात कैद्याला लांब नेलं की काम झालं.

आज त्या भिंतींच्या आत लष्कराचा तळ आहे. २०२१ नंतर मंडालेत पकडलेल्या कित्येकांना चौकशीसाठी इथेच आणलं. खंदकाभोवती लोक पूर्वी सकाळी फिरायला यायचे.

(दृश्य: डोंगर, धुकं, पायवाट.)

एप्रिल २०२१ पासून शहरातली मुलं सीमेकडच्या डोंगरांत जायला लागली. इथून ही गोष्ट वेगळी होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

कारेन, काचिन, चिन, शान, राखाइन. या अल्पसंख्य समाजांची लष्कराशी लढाई अनेक दशकांची. शहरातल्या बहुसंख्य बामार समाजाला ती बातम्यांत दिसायची, तीही बंडखोर आणि दहशतवादी अशा शब्दांत. आता त्याच बंडखोरांच्या ओसरीवर यांगूनचा इंजिनीअर आणि मंडालेची नर्स झोपायला आली. ज्यांच्या गावांवर इतकी वर्षं बाँब पडले, त्यांनी या पाहुण्यांना भात वाढला आणि बंदूक धरायला शिकवली. चिन डोंगरांत तर पहिल्या लढाया शिकारीच्या ठासणीच्या बंदुकांनी झाल्या.

आणि रोहिंग्या. २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा शहरांतून फारसा आवाज उठला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची हेगच्या न्यायालयात देशाची, म्हणजे लष्कराचीच, बाजू मांडायला उभ्या राहिल्या, तर त्यांच्या समर्थनाचे फलक लागले. त्याच शहरांतले तरुण २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर उघड लिहीत होते, आम्हाला माफ करा, तुमच्यावर काय गुजरलं ते आम्हाला आता कळतंय. १६ एप्रिलला स्थापन झालेल्या राष्ट्रीय एकता सरकारनं, म्हणजे त्या भूमिगत सरकारनं, जूनमध्ये रोहिंग्यांना नागरिक न मानणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा रद्द करण्याचं वचन दिलं. वचनच ते. पण त्याच्या दोन वर्षं आधी कुणी उच्चारलंही नसतं.

म्हणून मला हा लढा ८८ चीच पुढची पायरी वाटत नाही. ८८ मध्ये लोकांना एक सरकार हटवायचं होतं. या मुलांना २००८ ची घटनाच नको आहे, सू ची सुटून आल्या आणि घड्याळ २०२० वर नेऊन लावलं तरी नको आहे. त्यांना संघराज्य हवं, ज्यात कारेन आणि चिन पाहुणे नसतील.

(दृश्य: तिआउ नदी. पलीकडे मिझोराम.)

भारताचा संबंध इथे येतो. चिन लोक आणि मिझो एकाच कुळातले. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं सीमेवरच्या राज्यांना कळवलं, लोंढा थोपवा. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आम्हाला मान्य होण्यासारखं नाही. पाव्हण्यांना दारातून परत पाठवायचं नसतं, एवढं साधं गणित. चर्च आणि गावकऱ्यांच्या संघटनांनी हजारोंना घासातला घास दिला.

(दृश्य: इनसेन तुरुंगाबाहेरचा रस्ता.)

लष्करानंही हात आखडला नाही. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी दिल्याचं जाहीर झालं. त्यात ८८ च्या पिढीचे को जिमी होते आणि हिप-हॉप गायचं सोडून खासदार झालेले फ्यो झेया थॉ. घरच्यांना मृतदेह दिले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये सगाईंग प्रांतातल्या पाझिजी गावात लोक एका स्थानिक कचेरीच्या उद्घाटनाला जमले असताना वरून बाँब टाकले, दीडशेहून जास्त माणसं गेली.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला शान राज्यात तीन सशस्त्र संघटनांनी मिळून हल्ला चढवला आणि महिन्याभरात चौक्यामागून चौक्या पडल्या. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत लाशियोतलं लष्कराचं ईशान्य मुख्यालयही पडलं. शिपाई कमी पडायला लागले, तेव्हा सक्तीच्या भरतीचा धूळ खात पडलेला कायदा बाहेर काढला आणि अठरा वर्षांची मुलं थायलंडच्या वाटेला लागली. लष्करातही मनं फिरली होती. वरून हिरवा गणवेश आणि आतून सू चींच्या पक्षाच्या लाल रंगाचे, अशा शिपायांना लोकांनी नाव ठेवलं कलिंगड. विमान कधी उडणार, ट्रक कुठे निघालेत, हा निरोप या कलिंगडांकडून यायचा.

ही सरळ विजयाची गोष्ट नाही. खबरी असल्याच्या संशयावरून प्रतिकाराच्या बाजूनंही माणसं मारली आहेत. राखाइनमध्ये रोहिंग्या पुन्हा दोन बंदुकांच्या मध्ये सापडले. चीननं त्या सशस्त्र संघटनांवर डोळे वटारले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लाशियो परत लष्कराकडे गेलं. त्याआधी महिनाभर, २८ मार्चला, ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सगाईंग आणि मंडालेत साडेतीन हजारांवर माणसं गेली. ढिगारे उपसणं चालू होतं, आणि बाँब टाकणंही.

मग २८ डिसेंबर २०२५ ला लष्करानं मतदान घेतलं, टप्प्याटप्प्यानं, जिथे हात पोचतो तिथे. सू चींचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केलेला. त्यांनी स्वतः वयाची ऐंशी वर्षं कैदेत पुरी केली. निवडणुकीला विरोध करणाऱ्यांसाठी आधीच वेगळा कायदा आणून ठेवला होता. मतदान यंत्रावर २०२० मध्ये जिंकलेल्या पक्षाचं नाव नाही आणि नाव घ्याल तर तुरुंग.

(दृश्य: सगाईंग. शेताच्या बांधावरून चाललेली माणसांची रांग.)

मंडालेच्या पश्चिमेला यिनमाबिन आणि सालिंजी हे दोन तालुके. इथल्या गावांनी २०२१ मध्ये मोर्चा सुरू केला, तो अजून थांबवलेला नाही. घरं जळाली, मोर्चे काढणारे पकडले गेले, काही मेले. उरलेले पुन्हा निघतात. पुढे फलक, मागे बायका, गालांवर थनाखाचा पिवळा लेप, डोक्यावर बांबूची टोपी. बघायला कुणी नाही. दोन्ही बाजूंना शेतं आहेत.

पुढचा एकजण ओरडतो, लोकशाही मिळवणं?

मागून रांग उत्तर देते.

दो अये! दो अये!