आधी जमीन, मग यंत्र

नमस्कार श्रोतेहो.

मला जुनी नाणी आणि मातीत हरवलेल्या जुन्या वस्तू शोधायचा छंद आहे, हे कळलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात. मेटल डिटेक्टर घ्यायचाय, कोणता घेऊ? मी उलट विचारते, कुठल्या जमिनीवर फिरवणार? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता, आणि त्यात माझे पैसे गेले.

माझं पहिलं यंत्र मी इंटरनेटवर जाहिरात बघून मागवलं. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दहा फूट खोल’. ते घेऊन मी सासवडच्या पुढे मामांच्या शेतात गेले. चालू केलं आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. माळाच्या अंगाला मुरूम आहे, तिथे तर पावलापावलाला आवाज. दिवसभरात मी अठ्ठावीस खड्डे खणले. हाती लागले दोन खिळे आणि बैलाच्या खुराला ठोकतात ती एक पत्री. मामा बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, “काय गं, तुझ्या यंत्राला माती आणि लोखंड यातला फरक कळत नाही का?”

मामांनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. त्या यंत्राला तो फरक खरंच कळत नव्हता.

हे समजून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. एक चांगला लोहचुंबक घ्या, तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि शेतातल्या किंवा टेकडीवरच्या पायवाटेच्या कोरड्या धुळीतून फिरवा. पिशवीवर काळे, केसाळ झुपके उभे राहतात. लहानपणी आपण सगळ्यांनी हा खेळ केलाय. ते काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे. आपलं पुणं, आपला मावळ, आपलं पुरंदर, सगळं बसलंय साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर. तो काळा पाषाण झिजून आपली माती झाली, आणि त्यातलं लोह मातीतच राहिलं. म्हणजे आपल्याकडे यंत्राच्या थाळीखाली नाणं असो वा नसो, लोह असतंच.

यंत्राचं काम कसं चालतं बघा. दांड्याच्या टोकाला जी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याने खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात तांब्याचं नाणं आलं की नाण्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र वर येतं. दुसरं वेटोळं ते ऐकतं. हे उत्तर किती उशिरा आलं यावरून यंत्र धातू ओळखतं. चांदीचं उत्तर वेगळं, शिशाचं वेगळं, खिळ्याचं वेगळं. पण आपली मातीही उत्तर देते, आणि खोलवरच्या नाण्यापेक्षा मातीचा आवाज कितीतरी मोठा असतो. तो आवाज ओळखून वजा करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

तेव्हा आपल्या भागासाठी यंत्र घेताना मी सगळ्यात आधी हेच बघते, की ग्राउंड बॅलन्स आपल्या हाताने करता येतो का. स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच कुठेतरी मधोमध पक्का केलेला असतो. गाळाच्या मातीवर तो चालून जातो, मुरमावर नाही. चांगल्या यंत्रात बटण दाबून थाळी जमिनीवर चार-सहा वेळा वर-खाली करायची, की यंत्र त्या मातीशी जुळवून घेतं. शेताच्या काळ्या पट्ट्यातून माळाकडे गेलात की पुन्हा करायचं. हा अर्धा मिनिट वाचवू नका.

दुसरी गोष्ट थाळीची. जुन्या घडणीच्या कॉन्सेंट्रिक थाळीचं क्षेत्र खाली उलट्या शंकूसारखं निमुळतं होत जातं. डबल-डी थाळीत दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षरासारखी एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, त्यामुळे तिचं क्षेत्र पुढून मागे एखाद्या पात्यासारखं पडतं. लोहयुक्त मातीत ही थाळी जास्त शांत राहते, आणि खिळ्याशेजारी पडलेलं नाणंही वेगळं ऐकू येतं. आपल्याकडे डबल-डीच घ्या. फार मोठ्या थाळीचा मोह नको. मोठी थाळी नाण्याबरोबर मातीही जास्त ऐकते, आणि दोन तासांत मनगट भरून येतं. नऊ ते अकरा इंच पुष्कळ झालं.

मग येतो फ्रिक्वेन्सीचा आकडा, म्हणजे थाळीतल्या प्रवाहाची सेकंदाला किती हजार आवर्तनं होतात तो. तो किलोहर्ट्झमध्ये सांगतात. सर्वसाधारण नियम असा, की पाच-सात किलोहर्ट्झची यंत्रं चांदी, तांबं अशा चांगल्या वाहक आणि जाड वस्तूंना लवकर पकडतात, तर पंधरा-वीसच्या पुढची यंत्रं बारीक, पातळ वस्तूंना. शिवराई हे मराठेशाहीतलं जाड तांब्याचं नाणं आणि मंगळसूत्रातली नाजूक सोन्याची वाटी यांच्यासाठी एकच आकडा आदर्श ठरत नाही. म्हणून मला हल्लीची एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारी यंत्रं आवडतात. मायनलॅबची इक्विनॉक्स २०१८ साली आली, नंतर नोक्ताची लेजंड आली. आपल्या मातीवर या जातीची यंत्रं एका आकड्यावर चालणाऱ्यांपेक्षा जास्त सांभाळून घेतात. पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्याला खारी वाळू आणि लोहयुक्त माती फारशी अडवत नाही, पण खिळा आणि नाणं यातला फरक तो नीट सांगत नाही. पिढ्यानपिढ्या खिळे, धावा, फाळाचे तुकडे गिळलेल्या शेतात तो घेऊन जाऊ नये.

आता खोलीचं. नाण्याएवढी वस्तू चांगल्या यंत्राला चांगल्या मातीत साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर कळते, आपल्या मुरमात त्याहून कमी. दहा फुटांवरचं नाणं दाखवणारं छंदाचं यंत्र नाही. आणि ज्यांच्या जाहिरातीत दोन सळ्या आपोआप वळतात, ‘एक किलोमीटरवरचं गुप्तधन दाखवतो’ असं म्हणतात, त्यांच्यापासून कृपा करून लांब राहा. असल्याच अँटेनावाल्या खोट्या उपकरणांना बॉम्ब शोधणारी म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला इंग्लंडमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. ती उपकरणं इराकमधल्या तपासणी नाक्यांवर वापरात होती. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली गावोगाव माणसं लुबाडली जातात, कर्ज काढून असली उपकरणं घेतात. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

यंत्र घ्यायच्या आधी एक काम पुणेकरांना सहज जमण्यासारखं आहे. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. एक झिजलेली शिवराई घ्या, शक्य तर दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेषांची, एक इंग्रजी अमलातलं पाव आण्याचं नाणं, एक ॲल्युमिनिअमचे दहा पैसे. दुकानदार यंत्र दाखवेल तेव्हा ही नाणी त्याच्यापुढे धरा आणि पडद्यावर धातू ओळखायचा कुठला आकडा येतो तो वहीत टिपून ठेवा. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात डॉलर आणि पौंडांचे आकडे असतात, त्यांचा आपल्याला काय उपयोग? आपला हल्लीचा रुपया तर स्टेनलेस स्टीलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. लोखंड गाळायची सोय चालू केलीत, की तो लोखंडाबरोबर गाळला जाण्याचीच शक्यता जास्त. दुकानदार हवेत नाणं धरून खोली दाखवतो तिच्यावर मात्र जाऊ नका. त्याला म्हणावं, जमिनीवर दाखव. परवानगी असेल तर एखाद्या कुंडीत आपल्याकडची माती भरून न्या.

पैसे जपून वाटा. सगळे यंत्रातच घालू नका, पिनपॉइंटरसाठी थोडे ठेवा. हातात मावणारी ती कांडी खड्ड्यात नाण्याची नेमकी जागा दाखवते. ती नसताना माझ्या खुरप्याने एका तांब्याच्या नाण्यावर आडवा ओरखडा पडलाय, तो अजून बघवत नाही.

आता मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा भाग परदेशातले व्हिडिओ बघून कळत नाही. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी घेऊन हजारो लोक हा छंद करतात. तिथे १९९६चा ट्रेझर ॲक्ट आहे, सापडलेल्या वस्तू नोंदवायची सरकारी व्यवस्था आहे. स्टॅफर्डशायरमध्ये २००९ साली टेरी हर्बर्ट यांना नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला तो असाच. आपला कायदा वेगळा. १८७८चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वाटा जातोच, वर तुरुंगवासही होऊ शकतो. आणि दहा रुपयांत आज काय येतं? त्यामुळे जवळपास प्रत्येक जुनं नाणं यात येतं असंच धरून चाला. शिवाय १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते.

शनिवारवाडा, शिवनेरी, लोहगड ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली ठिकाणं. तिथे, आणि कुठल्याही गडावर, यंत्र पिशवीतून बाहेर काढू नका. वनखात्याच्या टेकड्यांवरही नाही. यात मला नुसती कायद्याची भीती सांगायची नाही. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं मातीचे थर एकेक करून उलगडले, म्हणून घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी माणसं कशी राहत होती ते आपल्याला कळलं. तिथलं एखादं भांडं कुणी आधीच उपसून कपाटात ठेवलं असतं, तर ते नुसतं भांडं राहिलं असतं. गडावरून चोरून काढलेली शिवराई तशीच मुकी होते.

मग यंत्र फिरवायचं कुठे? आपल्या किंवा नातेवाइकांच्या शेतात, लेखी संमतीने. नांगरट झाल्यावर, एखादा पाऊस पडून ढेकळं विरघळली की. ओल्या मातीत आवाजही स्पष्ट येतो. जुनं काही निघालंच तर जागा, खोली आणि तारीख लिहा, फोटो काढा आणि कळवा. आणि हरवलेल्या वस्तू शोधून द्या. या छंदातला तो भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

मागच्या वर्षी कांदा खुरपताना मामीच्या मंगळसूत्राची एक वाटी तुटून पडली. दोन दिवस बायकांनी वाफे चाळले. मी नवं यंत्र घेऊन गेले तेव्हा आधी लोखंड गाळलं, पण गुटख्याच्या पुड्यांचा चमकता कागद गाळला नाही. पातळ सोनं आणि असला कागद यांचा आकडा अगदी शेजारी-शेजारी येतो, कागद गाळला की सोनंही जातं. मग प्रत्येक पुडी उकरायची, पिशवीत टाकायची, पुढे सरकायचं. बेचाळीस पुड्या निघाल्या. त्यानंतरचा आवाजही तसाच होता, तेवढाच बारीक, फक्त दोन्ही बाजूंनी थाळी नेली तरी तो तुटत नव्हता. पिनपॉइंटर कांद्याच्या पातीखाली एका ढेकळाला टेकला आणि थरथरला. मी ते ढेकूळ तसंच उचलून मामीच्या हातात दिलं. तिने ते अंगठ्याने हळूच फोडलं, वाटी पदराला पुसली, आणि मामांना हाक मारली, “अहो, या जरा इकडे.”