मुलांबरोबर मोन्ते अल्बान

नमस्कार श्रोतेहो.

मुलांना घेऊन जुने अवशेष बघायला निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दगडधोंडे बघून कंटाळतील ती." मला हे पटत नाही. मुलं कंटाळतात ती आपण ऐकवलेल्या सनावळीला. म्हणून आज मेक्सिकोतल्या मोन्ते अल्बानविषयी बोलताना मी एकच जुनं साल सांगते. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास तिथल्या मूळ रहिवासी झापोटेक लोकांनी दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्याच्या मधोमध असलेल्या डोंगराचा माथा सपाट केला आणि त्यावर शहर वसवलं. बाराशेहून जास्त वर्षं ते नांदतं होतं.

तिथे सकाळीच पोचा. समुद्रसपाटीपासून उंची १,९०० मीटरांहून जास्त आणि मोठ्या चौकात सावली जवळजवळ नाही. टोप्या हव्यात, पाणी हवं. पायऱ्या उंच आहेत. परवानगी असेल तिथे मुलं त्या भराभर चढतात. जपायचं ते उतरताना.

चौकात गेल्यावर आमच्या मुलांना एकच काम दिलं होतं: सगळ्यांशी फटकून, तिरकी उभी असलेली इमारत शोधा. धाकट्याने ती चटकन शोधली. बाणाच्या टोकासारखा आकार असलेली ही 'इमारत जे'. तिच्या दगडांवर कोरलेली चिन्हं म्हणजे झापोटेकांनी जिंकलेल्या गावांची नावं असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात.

पण सर्वांत जास्त वेळ ठेवावा तो कोरीव माणसांच्या शिळांसाठी. अशा तीनशेहून जास्त शिळा इथे सापडल्या. हातपाय वेडेवाकडे, म्हणून पूर्वी लोकांना ती नाचताहेत असं वाटलं आणि 'नाचणारे' हे नाव चिकटलं. आमची मुलगी एका शिळेपुढे थांबून म्हणाली, "आई, नाचताना कुणी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून राहतं का?" आजचे बहुतेक अभ्यासकही हे नाचणारे मानत नाहीत. युद्धात पकडून मारलेले हे कैदी असावेत, अंगावरची वस्त्रंही काढून घेतलेले. मुलांना हे सांगावं का? माझं ठाम मत, सांगावं. साध्या शब्दांत, घाबरवण्यासाठी नाही. इतकं देखणं शहर बांधणाऱ्यांनीच हेही केलं, हे दहा वर्षांच्या मुलीला समजतं. ती बराच वेळ गप्प होती, मग एकापाठोपाठ प्रश्न सुरू झाले.

चेंडूच्या मैदानावर मात्र नुसती मजा. दोन्ही बाजूंचे उतार प्रेक्षकांच्या बाकांसारखे दिसतात, पण पूर्वी त्यांवर गुळगुळीत गिलावा होता आणि रबरी चेंडू त्यांवरून खेळला जात असावा. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना इथल्या सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सापडलेलं सोनं बघायचं असेल, तर खाली वाहाका शहरात सांतो दोमिंगोच्या संग्रहालयात जा.

दुसरा दिवस मितला या त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या झापोटेक अवशेषांसाठी राखा. तिथल्या भिंतींवरची नागमोडी नक्षी दगडाचे छोटे तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून केली आहे. मुलांना नुसत्या नजरेने एक रेघ पकडून तिच्या मागे जायला सांगा. हीच नक्षी जवळच्या तेओतित्लान देल व्हाये गावात लोकरी गालिच्यांवर आजही विणतात. विणकर झापोटेक आहेत. निवडुंगावरचे किडे चुरडून ते लाल रंग काढतात आणि वर लिंबू पिळलं की तळहातावरच तो रंग पालटतो. मुलं तिथून हलायला तयार नव्हती.

मितलाजवळच्याच एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया आणि सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं मिळाली आहेत. आपण पावसाळ्यात भाजून खातो त्या मक्याचे हे पूर्वज. बेत आखताना एक रविवार हाताशी ठेवा, कारण त्या दिवशी त्याच खोऱ्यातल्या त्लाकोलुला गावचा आठवडी बाजार भरतो. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बाया झापोटेक भाषेत भाव सांगत असतात आणि टोपल्यांत भाजलेले नाकतोडे असतात. धाकट्याने ते खाल्ले आणि पुन्हा मागितले.